लांब पल्ल्याच्या शिकारीसाठी रायफलचं काडतूस कसं निवडावं

लांब पल्ल्याच्या शिकारीचा विषय निघाला की गाडी लगेच काडतुसांच्या नावांवर येते. क्रीडमूर घ्यावं की .३०० विन मॅग, नवं पीआरसी चांगलं की जुनं ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम, यावर लोक तासन्‌तास बोलतात. माझ्या मते नाव ठरवणं हा या निवडीतला शेवटचा टप्पा आहे. आधी सावज, मग तुम्ही खात्रीने मारू शकता तो पल्ला, मग त्या पल्ल्यावर गोळीत उरलेला वेग आणि त्या वेगाला नीट उघडणारी गोळी. एवढं ठरलं की यादी दोन-तीन काडतुसांवर येते आणि त्यातलं कुठलंही घेतलं तरी फारसं बिघडत नाही. हा क्रम उलटा केला तर जखमी जनावर डोंगरात हरवण्याची वेळ येते. ती येऊ नये म्हणूनच हा सगळा खटाटोप.

पुढे सगळीकडे ‘गोळी’ म्हणजे नळीतून बाहेर पडणारा तुकडा आणि ‘काडतूस’ म्हणजे पुंगळी, प्रायमर (दारू पेटवणारी टोपी), दारू आणि गोळी असं सगळं मिळून. गोळीचं वजन रिवाजाप्रमाणे ग्रेनमध्ये दिलं आहे. एक ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम. आकडे समुद्रसपाटीच्या हवेचे, १५ अंश तापमानाचे, आणि कारखान्यात भरलेल्या काडतुसांच्या जाहीर वेगावरून काढलेले आहेत. तुमच्या रायफलीत ते थोडे इकडे-तिकडे होतील.

सावजापासून सुरुवात

हरणाचं मर्मस्थान, म्हणजे काळीज आणि दोन्ही फुप्फुसं मिळून होणारा भाग, बाजूने पाहिलं तर साधारण २० सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात बसतो. लहान चणीच्या हरणांचं वर्तुळ १५ सेंटिमीटरपर्यंत खाली येतं. वापितीसारख्या (उत्तर अमेरिकेतलं थोराड हरीण) मोठ्या जनावराचं ३० सेंटिमीटरच्या आसपास असतं, मूसचं त्याहून मोठं. हे वर्तुळ कागदावर काढून समोर ठेवा, कारण पुढचं सगळं गणित त्याच्याशी ताडून पाहायचं आहे.

दुसरा प्रश्न जाडीचा. रो हरीण २५ किलोच्या आसपास असतं, तर नर वापिती ३०० किलोच्या पुढे जातो. रो हरणाच्या बरगड्यांतून कुठलीही बरी गोळी आरपार जाते. वापिती तिरका उभा असेल तर गोळीला खांद्याचा स्नायू किंवा हाड फोडून पलीकडच्या फुप्फुसापर्यंत पोचावं लागतं. म्हणून मोठ्या जनावरासाठी वजनदार, लांब आणि मजबूत बांधणीची गोळी लागते. पुंगळीत दारू किती मावते हा प्रश्न त्यानंतरचा.

कायदाही इथेच पाहून घ्या. शिकारीला परवानगी असलेल्या बऱ्याच प्रदेशांत किमान कॅलिबर (गोळीचा व्यास) किंवा किमान ऊर्जा ठरवून दिलेली असते. जर्मनीत रो हरणासाठी १०० मीटरवर किमान १,००० जूल लागतात आणि त्याहून मोठ्या खुरी जनावरांसाठी किमान ६.५ मिलिमीटर व्यास आणि १०० मीटरवर २,००० जूल. कॅलिफोर्नियात २०१९ च्या जुलैपासून शिकारीत शिशाची गोळी चालत नाही, म्हणजे तिथे निवडीची सुरुवातच तांब्याच्या गोळीपासून होते.

ऊर्जेचे दोन ढोबळ आकडे अनेक वर्षं चालत आले आहेत: जनावरापाशी पोचताना हरणासाठी सुमारे १,३५० जूल आणि वापितीसाठी २,००० जूल उरलेले असावेत. चाळणी म्हणून ते ठीक आहेत, पण त्यांच्यावर विसंबू नका. जनावर पडतं ते गोळीने केलेल्या जखमेमुळे. गोळी न उघडता सुईसारखी आरपार गेली तर कागदावरच्या जुलांचा काही उपयोग नाही.

तुमचा खरा पल्ला किती

या टप्प्यावर घाई करू नका. रायफल बाकावर ठेवून शंभर मीटरवर काढलेला सुरेख गट (एकाच नेमाने झाडलेल्या गोळ्यांचा झुबका) तुमचा शिकारीचा पल्ला सांगत नाही. त्यासाठी २० सेंटिमीटरची लोखंडी थाळी लावा आणि ज्या बैठकीतून शिकारीत गोळी झाडाल त्याच बैठकीतून झाडा: पिशवीवर रायफल टेकवून पालथे पडून, बसून गुडघ्यांवर, किंवा तिपाईवर. वेगवेगळ्या दिवशी, थंड नळीतून, फक्त पहिली गोळी मोजा. दहापैकी किमान नऊ पहिल्या गोळ्या ज्या अंतरावर थाळीला लागतात, ते तुमचं अंतर. त्याच्या पुढे काडतूस कितीही दमदार असलं तरी जनावरावर गोळी झाडू नये.

रायफलचा स्वतःचा फैलावही यातच धरायचा. एक एमओए (एका अंशाचा साठावा भाग) म्हणजे शंभर मीटरवर २.९ सेंटिमीटर, पाचशेवर साडेचौदा. दीड एमओएची रायफल ५०० मीटरवर जवळजवळ २२ सेंटिमीटरचा गट देते. हरणाचं वर्तुळ तेवढ्यानेच भरून गेलं. वारा, अंतर आणि तुमचा श्वास यांच्या चुकीसाठी काही उरलंच नाही.

अंतर मोजण्याची अडचण लेझर रेंजफाइंडरने बरीचशी सुटली आहे, पण ते मोजायलाच हवं. ६.५ क्रीडमूरची १४३ ग्रेनची गोळी १०० मीटरवर झिरो केली (म्हणजे त्या अंतरावर नेम धरला तिथेच लागेल अशी दुर्बीण लावली) तर ५०० मीटरवर सुमारे १.८ मीटर खाली पडते. हे खाली पडणं दुर्बिणीच्या टरेटवर (नेम वर-खाली करणाऱ्या चकतीवर) फिरवून भरून काढता येतं. मात्र जनावर ५२५ मीटरवर असताना तुम्ही ५०० धरलं, तर गोळी सुमारे १४ सेंटिमीटर खाली जाईल. पंचवीस मीटरच्या चुकीने ती फुप्फुसांऐवजी छातीच्या खालच्या कडेला किंवा पायाला लागते.

खरं घोडं पेंड खातं ते वाऱ्यापाशी. वाऱ्याने गोळी किती सरकते हे समजायला एक सोपं गणित आहे. गोळीला प्रत्यक्ष लागलेला वेळ घ्या, हवा नसती तर लागला असता तो वेळ त्यातून वजा करा, आणि उरलेल्या उशिराला आडव्या वाऱ्याच्या वेगाने गुणा. क्रीडमूरची हीच गोळी ८२३ मीटर प्रति सेकंद वेगाने निघते. ५०० मीटर जायला तिला ०.७११ सेकंद लागतात. हवा नसती तर ०.६०७ लागले असते. उशीर झाला ०.१०४ सेकंद. आडवा वारा सेकंदाला ४ मीटर असेल तर गोळी ४२ सेंटिमीटर सरकली.

आता हेच एका मीटरच्या चुकीने पाहा. वारा ४ आहे असं तुम्ही मानलं आणि खरा ५ निघाला, तर ३०० मीटरवर चूक साडेतीन सेंटिमीटर, ४०० वर साडेसहा, ५०० वर साडेदहा. हरणाच्या वर्तुळाची त्रिज्या १० सेंटिमीटर आहे. म्हणजे ५०० मीटरवर सेकंदाला एका मीटरचा वारा चुकला की सगळी सवलत संपली, आणि दरीच्या पलीकडचा वारा एका मीटरच्या अचूकतेने ओळखणारे नेमबाज फार थोडे असतात. गवत हलतंय तुमच्या पायाशी, गोळी जाणार दरीवरून, आणि जनावर उभं दुसऱ्या उतारावर. तिन्ही ठिकाणी वारा वेगळा असतो. ३०० मीटरवर मात्र दोन मीटरची चूकही पचते. या आकड्यांमुळेच मी बहुतेकांना ४०० मीटरच्या आत राहायला सांगतो आणि त्यापुढचं अंतर सरावावर, शांत हवेवर आणि मोठ्या जनावरावर सोडतो.

आणखी एक गोष्ट कुठलंही काडतूस बदलू शकत नाही. चाप ओढल्यावर ४००-५०० मीटर दूरच्या जनावराला अर्ध्या ते पाऊण सेकंदाचा अवधी मिळतो. सावकाश चालणारं हरीण तेवढ्यात अर्धा मीटर पुढे जातं. नेम खांद्यामागे धरला होता आणि त्याने एक पाऊल टाकलं, की गोळी पोटात. चरत असलेलं, पाऊल उचललेलं किंवा कान टवकारलेलं जनावर लांबून मारू नये.

जनावरापाशी पोचतानाचा वेग

पल्ला ठरला की त्या अंतरावर गोळीचा वेग किती उरतो ते पाहायचं. शिकारीची गोळी एका ठरावीक वेगाच्या वर असेल तरच उघडते. हा किमान वेग कंपनी बहुधा जाहीर करते आणि गोळी निवडताना हाच आकडा मी सगळ्यात आधी शोधतो. ढोबळमानाने:

- पूर्ण तांब्याच्या गोळ्या: सुमारे ५५० ते ६१० मीटर प्रति सेकंद. काही नव्या लांब पल्ल्याच्या तांब्याच्या गोळ्या त्याखालीही उघडतात.
- बॉन्डेड गोळ्या, ज्यांत शिशाचा गाभा कवचाला जोडलेला असतो: ५५० च्या आसपास.
- लांब पल्ल्यासाठीच बनवलेल्या पातळ कवचाच्या, पॉलिमर टोकाच्या गोळ्या: ४९० च्या आसपास.

कंपनीच्या किमान वेगावर पन्नासेक मीटर हातचे राखून ठेवा. थंड हवेत दारूचा जोर कमी होतो, नळी आखूड असते, आणि कंपनीची चाचणी जिलेटिनच्या ठोकळ्यावर झालेली असते, हाडा-मांसावर नाही.

उदाहरण घेऊ. तुमच्या गोळीला ६१० मीटर प्रति सेकंद वेग हवा असेल, तर .३०८ विन्चेस्टरच्या १७८ ग्रेन गोळीत तो सुमारे ३८० मीटरपर्यंतच टिकतो. ६.५ क्रीडमूरच्या १४३ ग्रेनमध्ये ४८० पर्यंत, .३०० विन मॅगच्या २०० ग्रेनमध्ये ५५० पर्यंत, आणि ७ मिमी पीआरसीच्या १७५ ग्रेनमध्ये ७०० च्या थोडं पुढे. तांब्याच्या गोळ्यांचं हवेतलं गणित सहसा यांच्यापेक्षा कच्चं असतं, त्यामुळे त्यांची अंतरं आणखी कमी धरा. काडतुसाचा पल्ला म्हणजे व्यवहारात हाच: गोळी नीट उघडेल असं शेवटचं अंतर.

याची दुसरी बाजू अनेकजण विसरतात. लांबच्या तयारीने निघालेल्या शिकाऱ्यासमोर जनावर चाळीस मीटरवरही उभं राहतं. तेव्हा पातळ कवचाची गोळी ९०० च्या वेगाने खांद्याच्या हाडावर आदळली तर वरच्यावर फुटून जाऊ शकते. आत खोल जाण्याऐवजी खांद्यावर उथळ खड्डा पडतो. जोरदार मॅग्नम (जास्त दारूचं, जास्त वेगाचं काडतूस) घ्यायचं असेल तर गोळी बॉन्डेड किंवा तांब्याची असलेली बरी. ती दोन्ही टोकांना काम करते. पातळ कवचाच्या गोळीला क्रीडमूरसारखा मध्यम वेग मानवतो.

गोळीची लांबी, बीसी आणि नळीचा पीळ

हवेशी झगडण्याची गोळीची ताकद बीसी (बॅलिस्टिक कोएफिशंट) या आकड्याने दाखवतात. तो दोन पद्धतींनी देतात. जी१ हा जुन्या, सपाट बुडाच्या नमुना-गोळीशी तुलना करून काढतात, जी७ निमुळत्या बुडाच्या लांब गोळीशी. आपल्या कामाच्या गोळ्या दुसऱ्या जातीच्या, त्यामुळे मोबाइलमधल्या गणकात जी७ भरा. एकाच गोळीचा जी१ आकडा जी७ च्या जवळजवळ दुप्पट दिसतो: १४३ ग्रेनच्या त्या ६.५ मिमी गोळीचा जी१ ०.६२५ आणि जी७ ०.३१५ आहे. दोन गोळ्यांची तुलना करताना एकीचा जी१ आणि दुसरीचा जी७ घेतला तर निर्णय पार चुकतो.

जास्त बीसीची गोळी लांबलचक असते, आणि लांब गोळी हवेत स्थिर राहायला नळीतल्या आट्यांचा पीळ घट्ट लागतो. ‘१:१०’ म्हणजे दहा इंचांत एक फेरा, ‘१:८’ म्हणजे आठ इंचांत. जुन्या आणि नव्या काडतुसांतला सगळ्यात मोठा फरक मला इथेच दिसतो. .२७० विन्चेस्टर १९२५ सालचं. त्याच्या रायफली परंपरेने १:१० पिळाच्या, त्यामुळे त्यात १५० ग्रेनच्या आसपासच्याच गोळ्या चालतात. २०२१ साली आलेल्या ६.८ वेस्टर्नची गोळी नेमकी त्याच व्यासाची, पण पीळ १:८ किंवा १:७.५, म्हणून तिथे १६५ आणि १७५ ग्रेनच्या लांब गोळ्या चालतात. ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम आणि ७ मिमी पीआरसी यांची गोष्टही अशीच: व्यास एक, पण पहिल्याच्या रायफली सहसा १:९ किंवा १:९.५ पिळाच्या आणि दुसऱ्याच्या १:८.

तांबं शिशापेक्षा हलकं असतं, त्यामुळे त्याच वजनाची तांब्याची गोळी आणखी लांब होते आणि पीळही आणखी घट्ट मागते. गार, दाट हवेत स्थिरता कमी होते, हेही ध्यानात ठेवा. गोळीच्या पेटीवर किमान पीळ लिहिलेला असतो. तो नळीवर कोरलेल्या आकड्याशी जुळत नसेल तर ती गोळी आपली नाही, मग तिचा बीसी कितीही देखणा असो.

पुंगळीच्या आकाराबद्दल थोडक्यात. .३०० विन मॅग १९६३ चं. मान आखूड, बुडाजवळ पट्टा, आणि कमाल लांबी सुमारे ८५ मिलिमीटर. आजच्या लांब गोळ्या त्यात बसवताना पुंगळीत खोल दाबाव्या लागतात आणि दारूची जागा जाते. .३०० पीआरसीला ९४ मिलिमीटर लांबी दिली आहे, पट्टा नाही, आणि नळीचा पीळ १:८.५ ठरवलेला आहे. मात्र त्यासाठी तेवढी लांब मॅगझिन असलेली रायफल लागते. क्रीडमूर २००७ साली आलं, तेही मुळात लांब गोळ्या डोळ्यांसमोर ठेवूनच.

पाच काडतुसं समोरासमोर

खालचे आकडे ५०० मीटरचे आहेत. वारा आडवा, सेकंदाला ४ मीटर. धक्का म्हणजे दुर्बिणीसकट ४ किलोच्या रायफलीचा मागे येण्याचा जोर, मझल ब्रेक (नळीच्या तोंडाला लावायचा, धक्का कमी करणारा भाग) किंवा सायलेन्सर न लावता. पाचही गोळ्या एकाच घराण्याच्या, पॉलिमर टोकाच्या आहेत.

| काडतूस | गोळी | सुरुवातीचा वेग | ५०० मी. वर वेग | ऊर्जा | सरकणं | धक्का |
|---|---|---|---|---|---|---|
| .३०८ विन्चेस्टर | १७८ ग्रेन | ७९२ मी/से | ५५५ | १,८०० जूल | ४९ सेंमी | २० जूल |
| ६.५ क्रीडमूर | १४३ ग्रेन | ८२३ | ६०० | १,६५० | ४२ | १५ |
| ६.५ पीआरसी | १४३ ग्रेन | ९०२ | ६६५ | २,०५० | ३६ | २१ |
| ७ मिमी पीआरसी | १७५ ग्रेन | ९१४ | ७०० | २,७५० | ३२ | ३१ |
| .३०० विन मॅग | २०० ग्रेन | ८६९ | ६३० | २,६०० | ४० | ३७ |

क्रीडमूर आणि .३०० विन मॅग यांच्या ओळी एकमेकींशेजारी ठेवून वाचा. वाऱ्यात दोघांचा फरक दोन सेंटिमीटरचा, आणि धक्का अडीच पट. .३०० च्या गोळीत ऊर्जा बरीच जास्त आहे, वापिती आणि मूससाठी ती उपयोगी आहे. पण हरणासाठी लांब मारायचं म्हणून .३०० घेणाऱ्याच्या पदरात नेम सुधारणारं काहीच पडत नाही, खांद्याला मार मात्र पडतो.

.३०८ ला मी यादीतून काढत नाही. काडतुसं जवळपास सगळीकडे मिळतात, नळी खूप टिकते, आणि ३५० मीटरच्या आत हरणासाठी ते भरवशाचं आहे. त्यापुढे मात्र वेग झपाट्याने कमी होतो आणि वारा जास्त लागतो.

हरणं आणि डोंगरी बकऱ्या हेच सावज असेल आणि पल्ला ४००-४५० मीटरचा, तर मी ६.५ क्रीडमूर सुचवेन. त्याच व्यासाच्या गोळीत थोडी जास्त ताकद हवी असेल तर ६.५ पीआरसी, धक्क्याच्या मानाने वाऱ्यातला फायदा यातच सगळ्यात चांगला मिळतो. हरणापासून वापितीपर्यंत सगळ्याला एकच रायफल हवी असेल आणि तीसेक जुलांचा धक्का न दचकता सोसत असेल, तर ७ मिमी पीआरसी. .३०० च्या घरातली काडतुसं मी खरोखर मोठ्या जनावरांसाठी आणि त्यांचा भरपूर सराव असलेल्यांसाठी राखून ठेवेन. .३३८ लापुआसारख्या तोफा पाठीवर घेऊन डोंगर चढायची शिकारीला गरज नाही.

हातात आधीच .२७० किंवा .३०-०६ असेल आणि शिकार ३०० मीटरच्या आत होत असेल, तर नवी रायफल घेऊ नका. १३० ग्रेनची .२७० गोळी २०० मीटरवर झिरो केली तर ३०० वर सुमारे २० सेंटिमीटर खाली जाते, आणि एवढं सांभाळायला कुठल्याही साध्या दुर्बिणीतली खूण पुरते. नव्या रायफलीचे पैसे चांगल्या रेंजफाइंडरवर आणि सरावाच्या काडतुसांवर घाला, त्याने पल्ला नक्की वाढेल.

धक्का

काडतुसाच्या चर्चेत धक्क्याचा विषय लोक टाळतात, कारण तो सहन होत नाही असं कबूल करायला जड जातं. पण धक्का नेम बिघडवतो तो गोळी सुटण्याआधी. शरीराला पुढचा मार ठाऊक असतो, त्यामुळे चाप ओढताना डोळा मिटतो, खांदा पुढे येतो आणि रायफल किंचित खाली जाते. हे बाकावर फारसं जाणवत नाही, उतारावर वाकड्या बैठकीत जाणवतं.

तपासायची पद्धत सोपी. तुम्ही पाहत नसताना सोबत्याला मॅगझिनमध्ये खरी काडतुसं आणि डमी मिसळून भरायला सांगा. डमीवर चाप ओढल्यावर नळी हलली तर तुम्ही दचकता. असं होत असेल तर एक पायरी हलकं काडतूस घ्या. हलक्या काडतुसाने जास्त गोळ्या झाडून सराव होतो, गोळी लागताना दुर्बिणीतून जनावर दिसत राहतं, आणि दुसरी गोळी झाडावीच लागली तर ती लवकर झाडता येते. गोळी कुठे लागली हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येणं लांब पल्ल्यावर फार मोलाचं आहे, कारण जनावर कुठे आणि किती वेळाने शोधायचं हे त्यावरच ठरतं.

मझल ब्रेकने धक्का बराच कमी होतो, पण आवाजाचा मारा बाजूच्या माणसाच्या कानावर येतो. कानाला संरक्षण असल्याशिवाय ब्रेक लावलेली रायफल झाडू नका. सायलेन्सर कायदेशीर असेल तर तो उत्तम, फक्त त्याने रायफलची लांबी वाढते. ती भरून काढायला नळी आखूड केली तर प्रत्येक इंचामागे साधारण ६ ते ९ मीटर प्रति सेकंद वेग जातो. चोवीसची नळी अठरावर आणली तर ४० ते ५० मीटर गेले, आणि मॅग्नमचा निम्मा फायदा तिथेच संपला.

काडतुसं मिळणं आणि नळीचं आयुष्य

निवडलेलं काडतूस तुम्ही जिथे शिकार करता तिथे दुकानात मिळतं का, आणि हव्या त्या गोळीसकट मिळतं का, हे रायफल घेण्याआधी पाहा. घरी काडतुसं भरणाऱ्यांना थोडी मोकळीक असते. बाकीच्यांनी दुर्मीळ काडतुसाच्या वाटेला जाऊ नये.

मोठ्या मॅग्नमची नळी साधारण हजार-दीड हजार गोळ्यांत आपली उत्तम अचूकता गमावू लागते. क्रीडमूरची दोन-अडीच हजार सहज चालते आणि .३०८ ची त्याहून बरीच जास्त. वर्षाला चार गोळ्या झाडणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. पण लांब पल्ला गाठायचा तर वर्षाला काही शे गोळ्या झाडाव्याच लागतात, आणि तेव्हा नळीचा खर्च काडतुसाच्या किमतीत मिळवून पाहिला पाहिजे.

ठरवल्यानंतरची पडताळणी

एकाच लॉट नंबरच्या पेट्या एकदम घ्या. लॉट बदलला की वेग बदलू शकतो. क्रोनोग्राफवर स्वतःच्या नळीचा वेग मोजा. पेटीवर ८२३ लिहिलं असेल आणि तुमच्या नळीतून ८०० निघत असेल, तर गणकात ८००च भरायचे. दहा मीटर प्रति सेकंदाच्या फरकाने ५०० मीटरवर गोळी पाच-सहा सेंटिमीटर वर-खाली होते. म्हणून प्रत्येक गोळीचा वेग वेगळा देणारं काडतूस शंभर मीटरवर कितीही चांगला गट देवो, लांब पल्ल्याला घेऊ नये. गट पाहताना तीन गोळ्यांवर समाधान मानू नका. तीन गोळ्या नशिबाने एकत्र पडतात, दहा पडत नाहीत.

मग गणकाने दिलेला तक्ता प्रत्यक्ष ३००, ४०० आणि तुमच्या कमाल अंतरावर झाडून पाहा. गोळी तक्त्यापेक्षा वर किंवा खाली जात असेल तर आधी दुर्बिणीचे टरेट खरोखर सांगितल्याइतके फिरतात का ते तपासा, मग वेग, आणि सगळ्यात शेवटी बीसी दुरुस्त करा. उंचावर जाणार असाल तर तक्ता तिथल्या हवेचा काढा: २,००० मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १८ टक्के विरळ असते, गोळी कमी खाली जाते आणि वाऱ्याने कमी सरकते. उंचावरचा तक्ता घेऊन खाली आलात तर गोळ्या खाली पडतील.

शिकारीच्या गावी पोचल्यावर, विमानातून किंवा गाडीतून रायफल आणली असेल तर, आधी १०० मीटरवर थंड नळीतून एक गोळी कागदावर झाडा. ती झिरोवर नसेल तर दुर्बिणीच्या माउंटचे स्क्रू तपासा, पुन्हा झिरो करा, आणि नळी पूर्ण थंड झाल्यावर आणखी एक गोळी झाडून खात्री करा. ती जागच्या जागी पडली की मगच रायफल जनावरावर रोखायची.